सड्यावरची हाक

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. माळ्यावर सामान साठतं तसे ते साठत जातात. एक दिवस माळा साफ करायला घ्यावा, तर कळतं की अर्धं सामान एकाच माणसाचं आहे. लालबागच्या आमच्या चाळीतल्या कंपूत हा माणूस म्हणजे मध्या. मधुकर हे नाव त्याच्या आधार कार्डावर असेल, आम्ही ते कधी वापरलं नाही.

पूर्वी मंडळाच्या खोलीबाहेर कॅरमवर पावडर टाकता टाकता आम्ही मध्याचे किस्से सांगायचो आणि पोट धरून हसायचो. हल्ली सांगायला घेतले की हसू शेवटपर्यंत टिकत नाही. तरी सांगतो.

* * *

मध्या लोअर परळच्या एका छापखान्यात होता. छापखाना बंद पडला, त्या जागी काचेची इमारत आली आणि मध्या म्हणाला, "महिनाभर गावाक जाऊन येतंय." कणकवलीच्या पुढे त्याचं गाव. तो महिना काही संपला नाही. त्याने चार गावठी गायी घेतल्या, शेळ्या घेतल्या, कोंबड्या पाळल्या. पुढे गायींच्या गायी झाल्या. बायको शैला, म्हणजे आमच्या वैनी, आधी रडल्या, मग धारा काढायला शिकल्या.

गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं मोठं पठार आहे. त्याला तिकडे सडा म्हणतात. सकाळी मध्याची गुरं सड्यावर चरायला सुटायची. दावं नाही, काठी नाही, राखण्या नाही. संध्याकाळी हा सड्याच्या कडेला उभा राहायचा आणि तोंडाला हात लावून ओरडायचा, "येवाऽऽ गो बायांनो, येवाऽऽ!" की निघाल्या सगळ्या. पुढे गायी, मागून शेळ्या, माहेरवाशिणींसारख्या.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ती हाक मी खालून, त्याच्या अंगणातून ऐकली. काय गळा होता! डोंगरावरून उतरून ती हाक थेट माणसाच्या पोटात शिरायची. माझी बायको नीला मागच्या पडवीत चहा पीत बसली होती. ती कप घेऊन लगबगीने पुढच्या दारी आली आणि विचारायला लागली, "मला बोलावलं का हो भावोजींनी?"

* * *

मध्याची अंडी, तूप आणि सणासुदीला मटण रात्रीच्या लक्झरीने परळला यायचं आणि तिथून आमच्या खोलीत. वाटपाचं काम माझ्याकडे आणि दिल्याकडे. दिल्या म्हणजे आमच्यातला तिसरा, मंडळांना स्पीकर भाड्याने देणारा. अंडी भाताच्या तुसात भरून यायची. कधी लहान, कधी मोठी, एखाद्याला पीस चिकटलेलं. कौतुक करणारी गिऱ्हाइकं होती, तशी नाक मुरडणारीही होती.

परळच्या टॉवरमधले एक साहेब होते, रोज व्यायाम करणारे. एकदा अंडी आली नाहीत म्हणून त्यांनी माझ्याकडून नंबर घेऊन थेट मध्याला फोन लावला. मध्याने सांगितलं, कोंबड्या खुडूक बसल्या आहेत, पिल्लं काढायची म्हणतायत, आता काही दिवस अंडी नाहीत. साहेब म्हणाले, असं कसं, सप्लाय थांबवून चालेल का, त्यांना उठवता येत नाही का?

"साहेब," मध्या म्हणाला, "बाळंतपणाची रजा हा. तुमच्या ऑफिसात देतत ना?"

साहेबांनी पुढच्या खेपेपासून डबल ऑर्डर दिली.

* * *

आता हा किस्सा नीट ऐका, कारण मध्या म्हणजे काय ते यात आहे.

त्याच्या काही शेळ्या-बोकड शेवटी मटणासाठीच असायचे. तो ते लपवायचा नाही. पण ट्रक घेऊन येणाऱ्या दलालाला त्याने जनावर कधी दिलं नाही. चार पाय बांधून, एकावर एक रचून नेतात, ते त्याला बघवायचं नाही. ज्या दिवशी कापायचं असेल त्या दिवशी पहाटे स्वतः सडा चढायचा, त्या बोकडाशेजारी बसायचा, त्याला चरू द्यायचा आणि मग बरोबर चालत खाली आणायचा. हाक मारून कधीच नाही. त्या दिवशी घरात काहीही शिजलं तरी मध्या पेजेवर असायचा.

एका मे महिन्यात आम्ही सगळे तिकडे गेलो होतो. बोकड कापायचा बेत ठरलेला. मध्या बाजारात गेला होता आणि दिल्याला घाई. मिमिक्री त्याला चांगली जमते. त्याने सड्यावर जाऊन हुबेहूब मध्याची हाक मारली. दिवसाउजेडी आलेल्या हाकेने सगळी गुरं गोंधळली, पण आली. ठरलेला बोकडही आला आणि दिल्याने त्याच्या गळ्यात दोरी घातली.

मध्या परत आला आणि त्याने ते बघितलं. पंचवीस-तीस वर्षांच्या दोस्तीत मी त्याला तसा चिडलेला कधी बघितला नव्हता. त्याने बोकडाची दोरी सोडली, त्याला ढकलत अंगणाबाहेर काढलं आणि मग दिल्याकडे वळला. आवाज अगदी खाली होता.

"ती हाक घराक येवची असा रे. तिच्यात खोटेपणा करू नको."

जेवायला आम्ही काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली. तो बोकड म्हातारा होऊन मेला. घरातली पोरं त्या बोकडाला दिल्याच्या नावाने चिडवायची, ते वेगळं.

* * *

मग मध्याचा आवाज बसायला लागला. गवताची धूळ असेल, तो म्हणाला. सुंठ झाली, हळद-दूध झालं. छापखान्यातल्या वर्षांत त्याने ज्या विड्या ओढल्या होत्या, त्यांची आठवण कुणी काढली नाही, कारण आठवण सगळ्यांनाच होती. शेवटी तो तपासायला मुंबईत आला. परळचं हॉस्पिटल, मुक्काम आमच्या खोलीत.

डॉक्टर तरुण होते, मायेने बोलणारे. त्यांनी सांगितलं, गाठ घशात आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल. मग विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"हाका मारतो," मध्या म्हणाला.

डॉक्टरांना वाटलं हा गोंधळलाय. मी मध्ये पडून गुरांचं सांगितलं. ते म्हणाले, मग काही प्रश्न नाही, बाकीची सगळी कामं करता येतील. गळ्याला लावायचं छोटं यंत्र मिळतं, त्यातून बोलताही येईल.

"त्या आवाजाक माझी गाय वळखतली?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "मला माहीत नाही," ते म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. आज वाटतं, तेवढा एकच माणूस आमच्यात सरळ बोलला.

* * *

तपासण्या लांबत गेल्या. तिकडे गुरं वैनींच्या हाकेला येईनात. इतकी वर्षं संध्याकाळची हाक मध्याचीच होती. वैनींनी काठी घेऊन हाकलून बघितलं, तर काठी कधी न पाहिलेली जनावरं उलट सड्यावर लांब पळाली. एकदा ती तिथेच राहिली आणि बिबट्याने एक वासरू नेलं. दलालाचा निरोप दोनदा येऊन गेला होता. वैनी फोनवर म्हणाल्या, आणखी एक वासरू गेलं तर मी सगळी त्याच्या ट्रकात घालीन, मला नाही हे बघवत.

गावात रेंज धड मिळत नाही, सड्यावर मात्र फुल. मध्या म्हणाला, संध्याकाळी फोन घेऊन वर जा, स्पीकर लाव.

त्या वेळी आम्ही हॉस्पिटलमध्ये रिपोर्टसाठी थांबलो होतो. तो मागच्या आवारात गेला, जिथे पेशंटचे नातेवाईक कपडे वाळत घालतात, आणि त्या बसलेल्या गळ्याने त्याने हाक मारली. दोनदा, तीनदा. वॉचमन धावत आला. मध्याने त्याला हाताने थांब म्हटलं आणि फोन कानाला लावला. तिकडून वैनी रडत म्हणत होत्या, येतायत, येतायत.

शेजारी साताऱ्याकडचा एक शेतकरी बायकोच्या ट्रीटमेंटसाठी आलेला होता. त्याने मध्याला विचारलं, "पाव्हणं, माझ्या म्हशींना पण मारता का हाक? लई दिवस झालं बघा." बोलता बोलता तो खालीच बसला आणि रडायला लागला. वॉचमनने त्याला पाणी आणून दिलं.

* * *

ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर दिल्याला वाटलं, हाक रेकॉर्ड करून ठेवू. चांगला माईक घेऊन तो आमच्या खोलीत आला. गॅलरीचं दार लावलं, पंखा बंद केला. मध्या माईकसमोर बसला आणि बसूनच राहिला.

"समोर कोण नाय. कोणाक हाक मारू?"

दिल्या समजावत राहिला. अरे, नुसतं म्हण, गुरं समोर आहेत असं समज. मध्या मान हलवत राहिला. आणखी एक भीती त्याने बोलून दाखवली: उद्या हीच हाक वाजवून कुणी गुरांना ट्रकात चढवलं तर? दिल्याने मान खाली घातली. मग मध्याने माझ्याकडे बघितलं. "तुझ्याकडे ठेव. तू आणि शैला, दोघांकडेच. घराक आणूक वाजवायची, दुसऱ्या कशाक नाय." मी त्याच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

तरी तो खोटी हाक मारेना. शेवटी आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. वैनी सड्यावर गेल्या, त्यांना फोन लावला आणि मध्या गॅलरीत उभा राहिला. दिल्याने माईक धरला. मध्याने सगळा उरलेला आवाज काढला. समोरच्या चाळीतल्या बायका कठड्याशी आल्या. खाली मसाल्याची चक्की चालू होती, ती कुणीतरी बंद केली.

आमच्या शेजारच्या जनाआक्का हल्ली पोटच्या पोरांनाही ओळखत नाहीत. त्या चपला घालून, पदर नीट करून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कोण हाक मारता? इलंय मी," त्या म्हणाल्या.

मध्या जाऊन त्यांच्या पाया पडला. त्याच्या स्वतःच्या गळ्यातून निघालेली ती शेवटची संध्याकाळची हाक.

* * *

ऑपरेशननंतर गिरगावच्या कोठारेबाई आमच्या खोलीत त्याला भेटायला आल्या. निवृत्त शिक्षिका, मटणाच्या बाबतीत भलत्या चोखंदळ, मध्याच्या जुन्या गिऱ्हाईक. इतकी वर्षं दोघांचं फोनवर भांडण चाललेलं: या चाप कोवळ्या नव्हत्या, ते तूप जरा जास्त कढलं होतं. मध्या एकाला चार उत्तरं द्यायचा.

त्या दिवशी त्या एकट्याच बोलत होत्या. मध्या हसत होता, मान हलवत होता, गळ्याला पाडलेल्या भोकावरच्या पांढऱ्या जाळीला हात लावत होता. तासाभराने त्या उठल्या. जिन्यात माझा दंड धरून म्हणाल्या, "त्याला सांगा, त्याचं मटण कधीच वाईट नव्हतं. त्याने भांडावं म्हणून बोलायचे मी." आणि डोळे पुसून टॅक्सी शोधायला लागल्या.

* * *

त्याला गावी पोचवायला मीच गेलो. एवढे दिवस वैनी रोज ती रेकॉर्ड केलेली हाक वाजवत होत्या आणि गुरं येत होती. दलाल येऊन रिकाम्या हाताने परत गेला होता. सगळं ठीक होतं, मध्या सोडून.

पहिल्याच संध्याकाळी तो सड्यावर निघाला. वैनींनी फोन पुढे केला, तो त्याने घेतला नाही. मी मागोमाग गेलो. वाऱ्याने गवत वाकत होतं आणि गुरं बऱ्यापैकी लांब होती. मध्या कडेला त्याच्या नेहमीच्या जागी उभा राहिला. त्याने तोंडाला हात लावले. जाळीतून नुसती हवा आली.

पुन्हा एकदा. एका गायीने मान वर करून बघितलं आणि परत चरायला लागली.

ऊन उतरलं. खालून वैनींचा आवाज आला, अंधार पडायच्या आत आणा. बिबट्या अजून त्याच बाजूला होता. मी मध्याकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत नव्हता. मग मी फोन काढला आणि हाक लावली.

"येवाऽऽ गो बायांनो, येवाऽऽ!"

सगळी गुरं निघाली. पुढे गायी, मागून शेळ्या. मध्या वाटेतच उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी त्या गेल्या, त्याला घासून, आणि माझ्याभोवती जमा झाल्या. एकीने फोन चाटला. माझ्या हातातून मध्याचा आवाज येत होता आणि मध्या तिकडे लांब, पाठमोरा उभा होता. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

मग तो वळला. गायींमधून वाट काढत माझ्यापर्यंत आला. माझ्या हातातून फोन काढून घेतला, शर्टाच्या वरच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं आणि सडा उतरायला लागला.

खिशात हाक चालू होती. गायी त्याच्या मागून गेल्या.