आकड्यांची मशीन की आवाजाची

भेंडीच्या वावरात हरवलेली एक अंगठी मला सापडली नाही, तेव्हा नवा मेटल डिटेक्टर घ्यायचा विषय आमच्या घरात निघाला.

आमचं वावर बडनेऱ्याच्या पुढे आहे. वांगी, झेंडू, थोडी मेथी. वावरातला जुना टिनाचा गोठा पाडला तेव्हा खिळे आणि तारांचे तुकडे मातीत राहून गेले आणि पायात रुतू लागले. म्हणून नवऱ्याने नागपूरच्या भावाकडून एक वापरलेली मशीन आणली. लांब दांड्याला खाली तबकडी, वर एक डबी, आणि धातू आला की कूं असा आवाज. मशीन आणली यांनी, पण चालवू लागले मी. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर आणि थ्रेशरजवळ काम करून यांचे कान अर्धे गेलेले. बारीक आवाज त्यांना येतच नाही.

एकदा नणंदेच्या कानातलं वांग्यांच्या सऱ्यांमध्ये पडलं, ते मी काढून दिलं. तेव्हापासून बाया बोलवायला लागल्या. उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात काही पडलं की डोळ्यांनी शोधून उपयोग नसतो. कधी नथ, कधी जोडवं, कधी नुसती कुलपाची किल्ली. मला ते काम आवडायचं. गुप्तधन शोधून द्या म्हणून फोन करणारेही भेटले, त्यांना मी सरळ नाही म्हणायची.

ती अंगठी मूर्तिजापूरकडच्या एका घरातल्या नव्या सुनेची होती. भेंडी तोडताना बोटांना खाज सुटते, म्हणून तिने अंगठी काढून पदराच्या गाठीत बांधली होती. घरी येईपर्यंत गाठ सुटलेली. मी दिवसभर सऱ्या पालथ्या घातल्या, पण जुनी मशीन मधेच बंद पडायची, मधेच उगाच वाजायची. संध्याकाळी सासू माझ्यासमोरच म्हणाली, "वावरात पडलीच नसन थे. माहेरी गेली असन."

सून खाली बघत उभी होती. मी मशीन आवरली आणि निघाले. घरी आल्यावर यांना म्हटलं, "मले दुसरी मशीन पायजे."

पहिल्यांदा अमरावतीच्या दुकानात गेलो. शेतीची अवजारं, फवारणीचे पंप, आणि एका कोपऱ्यात तीन मेटल डिटेक्टर. दुकानदार उत्साही होता. त्याने एक मशीन चालू केली. तिला छोटा पडदा होता आणि त्यावर आकडे उमटत होते.

"मॅडम, लोखंडाचा आकडा लहान, चांदीचा मोठा. खालचे सगळे आकडे बंद करून टाका. कचरा वाजणारच नाही."

त्याने टेबलावर किल्ली फिरवली, रुपया फिरवला. प्रत्येकाचा आकडा वेगळा. हे एकदम खूष झाले. ऐकू येत नसलं तरी आकडा त्यांना वाचता येत होता. मी माझी अंगठी काढून दिली. तिचा आकडा मधलाच आला. मग का कोण जाणे, मी पर्समधून डोकेदुखीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं, तो चकचकीत कागद. त्याचाही तोच आकडा आला.

"हे कसं?" मी विचारलं.

"थोडं तसं असते मॅडम. पातळ सोनं आन हा कागद, मशीनला सारखेच वाटतात."

"मग कचरा बंद केला तर सोनंबी बंद होईल ना?"

त्याने पाकीट परत मशीनखाली फिरवलं. "चालू ठेवा मग," म्हणाला.

"मग कचराबी वाजन."

"हो. वाजन."

आम्ही बाहेर आलो. हे म्हणत होते, "चांगली हाये मशीन." मला काहीच कळत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात अकोल्याला गेलो. तिथे एक म्हातारे गृहस्थ घरूनच अशा मशिनी विकायचे. आयुष्यभर त्यांनी पाण्याच्या पाइपांवर काम केलेलं. डांबराखाली गाडली गेलेली व्हॉल्व्हची झाकणं ते मशीनने हुडकायचे. त्यांनी आम्हाला आत बसवलंच नाही, थेट मागच्या परसात नेलं.

"टेबलावर सगळ्याच मशिनी हुशार असतात, वैनी. आपल्या काळ्या मातीत लोखंडाचा अंश असते. इथं मातीच वाजते. पयले मातीले गप करा लागते."

त्यांच्या मशीनला पडदा नव्हता. एक खटका आणि एक गोल बटण. मशीन जमिनीवर धरली तर ती रडायला लागली. त्यांनी बटण हळूहळू फिरवलं आणि आवाज विरत गेला. मग त्यांनी परसात आधीच पुरलेली एक तांब्याची कडी मला शोधायला लावली. सापडली, आणि चांगली वीतभर खोल होती. पण तिच्याआधी एक खिळा, एक बाटलीचं बूच आणि एक तारेचा तुकडाही सापडला. सगळ्यांचा आवाज मला जवळजवळ सारखा वाटला.

"यातलं सोनं कोणतं, हे कसं समजते?" मी विचारलं.

"खणल्यावर," ते म्हणाले.

यांना त्या मशीनचं काहीच ऐकू आलं नाही. हेडफोन लावूनही नाही. "मले तं बंदच दिसून राहिली," म्हणाले आणि परसातल्या बाजेवर जाऊन बसले.

घरी येऊन आम्ही भांडलो. यांचं म्हणणं, आकडे दिसतील तर मीही तुझ्यासोबत काम करीन. माझं म्हणणं काय होतं, तेच मला ठरवता येईना. पडदेवाली मशीन काळ्या मातीत काय करते ते आपण पाहिलंच नाही, हे मात्र माझ्या डोक्यात बसलं. म्हणून मी वावरातली माती एका घमेल्यात भरली, वर पोतं बांधलं, आणि आम्ही पुन्हा अमरावतीच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने घमेलं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे काय?"

"माती हाये आमची. यावर चालवून दाखवा."

मातीवर धरताच मशीनचे आकडे नाचायला लागले. बारा, चाळीस, सात, परत चाळीस. दोन गिऱ्हाइकं फवारणी पंप सोडून बघायला आली. दुकानदाराने माहितीचं पुस्तक काढलं, बटणं दाबली, अर्धा तास खपला. शेवटी त्याला मातीसाठीचं बटण सापडलं. आकडे शांत झाले. मी माझी अंगठी मातीत दाबली, तेव्हा मशीनने ती बरोबर दाखवली.

"झालं का समाधान?" तो घाम पुसत म्हणाला.

समाधान कुठलं! आता तर दोन्ही मशिनी सारख्याच तोलाच्या वाटायला लागल्या. एक खोल जाते पण काही सांगत नाही. दुसरी सांगते, पण तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येत नाही. यांना एक ऐकू येत नाही, मला दुसरीचे आकडे वाचता वाचता आवाज निसटतो. मी आठ दिवस कोणाकोणाला विचारत होते. मोर्शीच्या मावसभावाने तर, दोन्हीतली एकही घेऊ नको, चाळणी घे, म्हणून सांगितलं.

शेवटी मी अकोल्याची मशीन घेतली. का घेतली हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्या म्हाताऱ्या माणसाने मला फसवायचा प्रयत्न केला नाही, एवढंच असेल. हे दोन दिवस रुसून होते.

मशीन आल्यावर मी त्या भेंडीच्या वावरात परत गेले. त्या सुनेच्या सासूबाईंनी चहा विचारला नाही. सून माझ्यामागे खुरपं घेऊन आली. आवाज आला की मी थांबायची आणि ती खणायची. गोळ्यांची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, बुचं, एक जुना विळा. दुपारपर्यंत सगळ्या सऱ्या संपल्या. अंगठी नव्हती.

"काकू, राहू द्या," सून म्हणाली. "तुमाले किती तरास."

विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीजवळ सावली होती, म्हणून आम्ही तिकडे पाणी प्यायला गेलो. मशीन बंद करायची मी विसरले होते. खोपीच्या दारापाशी ती वाजली. मला वाटलं, परत एखादं पाकीट. सुनेने खुरपं घातलं, ढेकूळ फोडलं, आणि हात माझ्यापुढे केला. अंगठी तिच्या तळव्यावर होती.

"इथं?" मी म्हणाले.

"मी त्या दिवशी इकडं आलीच नव्हती, काकू."

"मंग कशी काय?"

"मले नाई समजत."

आम्ही तिच्या घरी गेलो. सासूबाईंनी अंगठी हातात घेतली, पदराने पुसली, उजेडात धरली. कुठे सापडली ते मी सांगितलं. मग सुनेचा हात ओढून त्यांनी स्वतःच अंगठी तिच्या बोटात घातली आणि आत जाऊन चहा टाकला. चहा फार गोड होता.

अंगठी तिथे कशी गेली, याचा मी खूप विचार केला. उंदराने ओढली असेल. पाणी देताना वाहत गेली असेल. कोणाला आधी सापडली असेल आणि सांगायची हिंमत झाली नसेल. सून त्या दिवशी तिकडे गेली असेल आणि विसरली असेल. प्रत्येक वेळी वेगळं खरं वाटतं. सुनेचा फोन अधूनमधून येतो, पण हा विषय आम्ही दोघी काढत नाही.

आता ओळखीचे लोक मला विचारतात, मेटल डिटेक्टर कोणता चांगला. मी अर्धा तास बोलते, दोन्हींचं सांगते, आणि शेवटी समोरच्याचा चेहरा माझ्यासारखाच गोंधळलेला होतो. यांचं मत मात्र बदललेलं नाही. पडदेवाली असती तर अंगठी पहिल्याच दिवशी सापडली असती, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ते चूक आहेत, असंही मला म्हणता येत नाही.