गुरुवारचे पाणी

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी उत्कर्षा धुमाळ पडद्यावरच्या एकाच आकड्याकडे पाहत बसल्या होत्या. यंत्रे थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान. सकाळभर ते हलले नव्हते. गेल्या अर्ध्या तासात चार अंशांनी चढले होते.

काचेपलीकडे विद्यापीठाचा नवा महासंगणक चालू होता: एकमेकांना जोडलेले अठ्ठेचाळीस संगणक, संशोधकांची मोठी गणिते सोडवण्यासाठी. मंगळवारी सकाळी अकराला त्याची शेवटची चाचणी सुरू झाली होती. तीन दिवस, न थांबता, पूर्ण भार. ती शुक्रवारी पार पडली की शनिवारी कुलगुरूंच्या हस्ते उद्घाटन, आणि उत्कर्षा यांच्या अकरा महिन्यांच्या कराराला मुदतवाढ. करार महिनाअखेरीस संपत होता. विभागप्रमुख डॉ. श्रीधर लिमये यांचे शब्द होते, “मशीन उभं करा, तुमच्या मुदतवाढीची टिपणी मी स्वतः लिहितो.”

उभे करण्यात आठ महिने गेले. केबल मावल्या नाहीत म्हणून खोलीची जमीन दोनदा उचकटली. पुरवठादाराची माणसे बेंगळुरूला परतल्यावर उरलेसुरले सगळे उत्कर्षा यांच्या टेबलावर आले. वय चव्वेचाळीस. वाघोलीहून नगर रस्त्याने यायला दीड तास, जायला किती ते सांगता येत नाही. डबा बहुतेक चारनंतर उघडतो; कधी तसाच घरी जातो.

त्या गच्चीवर गेल्या. यंत्रांचे तापलेले पाणी निववणाऱ्या कूलिंग टॉवरच्या हौदाचा तळ दिसत होता. त्यांनी पंप चालवणाऱ्या दत्तोबांना फोन लावला.

“दत्तोबा, गच्चीवर पाणी येत नाहीये.”

“येणार कुठनं? आज गुरुवार हाय, मॅडम. शहराचं पाणी बंद.”

“आणि टाकीतलं?”

“होतं तेवढं होस्टेलला सोडलं. पोरांनी काय तुमच्या मशीननं आंघोळी करायच्या?”

दुरुस्तीची कामे निघाली की गुरुवारी पाणी बंद, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. उत्कर्षा यांच्या सोसायटीला मात्र शहराचे पाणी कधी आलेच नाही. तिथे सातही दिवस टँकर. चाचणीची तारीख ठरवताना त्यांनी वीज पाहिली, जनरेटरचे डिझेल पाहिले, सुट्ट्या पाहिल्या. वार पाहिला नाही. आजवर यंत्र निम्म्या भारावर चालायचे, तेव्हा टाकी पुरून जायची.

त्या खाली आल्या तेव्हा लिमये पडद्यासमोर उभे होते.

“किती वेळ आहे?”

“पाऊण तास. मग आपोआप बंद पडेल.”

“मग टँकर बोलवा. वाघोलीत राहता आपण. टँकरवाल्याचा नंबर नाही, असं नका सांगू.”

नंबर होता. सोसायटीला पाणी देणाऱ्या हिंमतरावांचा टँकर अर्ध्या तासात दारात उभा राहिला असता.

“ते बोअरचं पाणी आहे, सर. जड. माझ्या गिझरची कॉइल वर्षभरात खडूसारखी पांढरी होते. इथल्या नळ्या तर बोटाएवढ्या आहेत.”

“एका टँकरनं बुजतात?”

“एका टँकरनं नाही.”

“मग झालं तर.”

“पण आज भागलं की मशीनसाठी वेगळी टाकी कोणी बांधणार नाही. दर वेळी टँकरच येईल. वर्षभरात नळ्या जातील.”

“वर्षभरानं तुम्ही इथे असाल याची बरीच खात्री दिसते.”

उत्कर्षा खुर्चीत बसल्या आणि चाचणी थांबवण्याची आज्ञा दिली. पंख्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला, आणि खोलीत बोललेले सहज ऐकू येऊ लागले.

लिमये यांनी तिथूनच कुलगुरूंच्या कार्यालयाला फोन केला. “शनिवार नको. पाणी नाहीये. नाही हो, पाहुण्यांसाठी नाही. मशीनला.” फोन ठेवून ते निघाले. दाराशी थांबून म्हणाले, “टाकीचं पत्र पाठवा. बघतो.” टिपणीचे ते काही बोलले नाहीत.

पत्र पाठवून त्यांनी चाचणीची नवी वेळ टाकली: शनिवार, सकाळी अकरा ते मंगळवार, सकाळी अकरा. मग डबा उघडला. भाजी आंबली होती. पोळी लोणच्याबरोबर खाल्ली.

उद्या शुक्रवार. शहरात सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल. टाकी कितपत भरते ते पाहायला उत्कर्षा यांना नवाच्या आत गच्चीवर पोचायचे आहे. त्यांच्या सोसायटीचा टँकर सहाला येतो; घरचे पाणी भरूनच निघता येईल.