टाकेमावशींनी शिवलेलं आभाळ

टाकेमावशींना विजेची भीती वाटायची आणि त्या ती लपवतही नसत. शिवणयंत्र पायाने चालवायचं, इस्त्री मुलीकडून करून घ्यायची आणि दिव्याचं बटण लाकडी पट्टीच्या टोकाने दाबायचं. टाकेमावशी हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं, कारण त्यांचे टाके इतके सारखे पडायचे की कापडाची उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली, हे हातात घेऊन बघावं लागे. अशा बाईच्या नशिबी जावई आला तो नेमका रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा! एकाच खोलीत खिडकीखाली सासूबाईंचं यंत्र, भिंतीकडे जावयाचं टेबल. दोघंही बारीक कामातली माणसं असल्यामुळे त्यांचं छान जमे.

एक दिवस कोपऱ्यावरची बेकरीवाली धापा टाकत आली. गल्लीतल्या हौशी मंडळींनी नाटक बसवायला घेतलं होतं आणि तिला रात्रीच्या राणीचं काम मिळालं होतं.

"मावशी, असा झगा हवा की अंगभर चांदण्या चमकल्या पाहिजेत."

"टिकल्या लावते की भरपूर."

"टिकल्या नकोत हो. खरोखरच्या पेटणाऱ्या!"

मावशी नाही म्हणणार, एवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "होईल की."

मावशींनी जावयाकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर टेबलाखालीच गेला असता. जावई मात्र हसत उठला आणि बटणाएवढा सेल त्यांच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "आई, हा हातात धरलात तर मुंगी चावल्याएवढंही कळणार नाही. बघा."

मावशींनी डोळे मिटून मूठ वळली. काहीच झालं नाही. एक डोळा उघडला. मग दुसरा.

"बरं," त्या म्हणाल्या, "आणा तुमच्या चांदण्या."

चांदण्या म्हणजे एलईडीचे इवलेसे दिवे. मावशींनी निळ्या कापडावर एक दिवा टाचला आणि नेहमीच्या सुती दोऱ्याने त्याचे तारेचे दोन पाय सेलसाठी केलेल्या खिशापर्यंत शिवून आणले. टाके नामी पडले, पण दिवा ढिम्म.

"सुताला वीज चालत नाही, आई. धातूत काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात, त्यांच्यामुळे वीज वाहते. तो सुवाहक. सुतात ते आपापल्या जागी घट्ट बसलेले. तो दुर्वाहक."

त्याने मीटर दिला. दोन टोकं एखाद्या वस्तूला लावायची, वीज जात असली की पीं वाजतं. झालं! पुढचा अर्धा तास घरात दुसरं काही नव्हतं. कात्री पीं. सुई पीं. बोटातलं अंगुस्तान पीं. खडू गप्प, बटण गप्प, फीत गप्प. मावशींनी पेन्सिलीच्या शिशाला टोकं लावली, तर पीं!

"अगंबाई, हा काळा तुकडा काय धातू आहे?"

"नाही, पण त्यातूनही जाते."

मुलगी चहा घेऊन आली तर आईने तिच्या बांगड्यांनाच टोकं लावली. "आई, पुरे!" म्हणत ती हसत बसली.

जावयाने पोलादाच्या बारीक तारांचा मऊ दोरा आणून दिला. आता काही दिवे लागले, काही नाही. मावशी हिरमुसल्या. जावयाने न लागलेला एक दिवा उसवून, फिरवून धरला. लखकन लागला!

"हा एकाच बाजूने वीज जाऊ देतो. आतला कण अर्धवाहकाचा आहे. शुद्ध असला तर त्यातून फारशी वीज जात नाही. दुसऱ्या पदार्थाचा नाममात्र अंश मिसळला की जायला लागते. अशा दोन तऱ्हेचे थर एकमेकांना भिडवले की एकीकडून वाट मोकळी, दुसरीकडून बंद."

मावशी विचारात पडल्या. "म्हणजे मूळ वस्तू तीच, पण आपण तिला कसं तयार करतो त्यावर सगळं?"

"अगदी."

"मग कळलं. कापड सरळ कापलं तर ताणलं जात नाही. तेच उरेब, म्हणजे तिरकं कापलं की ताणलं जातं."

जावई दाद देत म्हणाला, "आमच्या शिकवणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं!"

मावशींनी प्रत्येक दिव्याच्या दोन पायांपैकी लांब पायाशी लाल खूण केली, सगळे लांब पाय एका दोऱ्याला आणि आखूड पाय दुसऱ्याला शिवले, आणि सगळ्या चांदण्या एकदम उजळल्या. बेकरीवालीने झगा घालून गिरकी घेतली. मग ती सिंहासनावर बसावं तशी दिमाखात मावशींच्या स्टुलावर बसली आणि झग्यावरचं आभाळ विझलं.

"मी काय केलं?" ती रडवेली झाली.

जावयाने सेलला बोट लावलं. कोमट लागला. "घडी पडली आणि दोन्ही दोरे एकमेकांना टेकले. विजेला जवळची वाट मिळाली, दिव्यांकडे कोण जातंय!"

"मग मध्ये पडदा घालू," मावशी म्हणाल्या. "सुताला वीज चालत नाही ना? मग सुतालाच कामाला लावते."

एक दोरा वरच्या कापडावर, दुसरा आतल्या अस्तरावर, मध्ये जाड सुती कापड, आणि दोरा जिथे उघडा तिथे वरून कापडाची पट्टी. दिव्याचा एक पाय तेवढा आरपार. सगळं उसवून पुन्हा शिवताना मावशी गुणगुणत होत्या. मुलीने त्यांना कित्येक वर्षांत गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

नाटकाच्या दिवशी रंगमंचावर अंधार झाला आणि रात्रीची राणी आली. खांद्यापासून पायापर्यंत चांदणंच चांदणं! ती बसली, उठली, वाकली, पण एकही चांदणी विझली नाही. ती स्वतःच झग्याकडे बघत राहिली आणि संवाद विसरली. पण लक्ष कुणाचं होतं? टाळ्या थांबेनात. शेवटी तिने विंगेतल्या मावशींना हात धरून ओढत पुढे आणलं.

गळ्यात टेप, ब्लाऊजला टोचलेल्या सुया. मावशी आयुष्यात कधी मंचावर उभ्या राहिल्या नव्हत्या. समोर मुलगी डोळे पुसत होती, जावई उभा राहून शिट्टी वाजवत होता.

"बोला ना मावशी, काहीतरी," बेकरीवाली कुजबुजली.

मावशींनी लोकांकडे पाहिलं, मग झग्याकडे.

"टाळ्या नंतर वाजवा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "अजून दोन अंक बाकी आहेत, माझे सेल उतरतील!"

सगळं सभागृह खो-खो हसलं. मावशींना मात्र त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळेना, पण सगळे हसताहेत म्हणून त्याही हसल्या.