किल्ली हातात, इंजिन चालू: कासारवाडी ते चाकण

कासारवाडीहून चाकणला फिरायला कोणी जात नाही. मी गेलो, कारण विलासदाजींना ॲप वाचून दाखवणारा माणूस हवा होता. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांच्या छोट्या ट्रकमध्ये रबरी पट्ट्यांचा माल होता आणि नव्या कंपनीची ही पहिलीच खेप. बाराच्या आत गेटवर पोचलो तर रोजचं काम, नाहीतर माल परत. वाटेत गाडीने दगा देऊ नये म्हणून दाजींनी बाराशे रुपयांचा स्कॅनर आणला होता. तो स्टिअरिंगखाली खोचायचा, फोनला जोडायचा, की इंजिनाची सगळी खबर पडद्यावर.

साडेनऊला निघालो. तुम्ही आठलाच निघा. मोशीला वडापाव आणि चहा, दोघांचे ऐंशी रुपये. मिरच्या झकास तळलेल्या. शेजारच्या निळ्या ट्रकचा ड्रायव्हरही फोनमध्ये डोकं घालून बसला होता. मी ॲप पुन्हा जोडलं आणि निघालो.

थोड्याच वेळात आकडा लाल झाला.

"दाजी, तापमान एकशे आठ!"

"हीटर लाव."

"या उन्हात?"

"इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो तो. लाव राव!"

आम्ही भाजत होतो आणि आकडा चढतच होता. दाजी बनियनवर आले. कुरुळीच्या अलीकडे गाड्या ठप्प झाल्या. अकरा वाजून दहा मिनिटं. दाजींनी इंजिन बंद करून किल्ली काढली. ॲप म्हणालं: इंजिन चालू, तापमान एकशे बारा.

"किल्ली माझ्या हातात आहे," दाजी हळूच म्हणाले. "मग चालू काय आहे?"

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. निळ्या ट्रकवाले साठीचे गृहस्थ फोन घेऊन उभे.

"पावनं, तुमी आत्ता गाडी बंद केली का?"

"हो."

"मंग माझ्या फोनात माझी बंद कशी? ती तर चालू हाय!"

मागे पाहिलं. निळ्या ट्रकच्या तोंडातून वाफ निघत होती. दोघांचे स्कॅनर एकाच जातीचे, नावही एकच, पासवर्डही एकच. मोशीला फोनांनी गाड्या बदलल्या होत्या, आणि निळा ट्रक तिथून आमच्या मागेच होता.

"वाफ दिसत हुती," ते म्हणाले, "पण फोन म्हनला, गाडी गार हाय. मी फोनाचं ऐकलं."

पुढच्या गाड्या हलल्या. दाजींनी घड्याळ पाहिलं.

"जावा तुमी," गृहस्थ म्हणाले.

दाजींनी पुटपुटत ट्रक कडेला घेतला आणि पाण्याचे कॅन उतरवले. निळ्या ट्रकचं इंजिन निवून पाणी भरेपर्यंत पावणेबारा. गृहस्थ निघाले कुरुळीचेच, तुकारामआण्णा.

"बाराला चाकण? हायवेनं न्हाई व्हायचं. माझ्या मागनं या."

एका शेडच्या पाठीमागून, कांद्याच्या वावराला वळसा घालून आम्ही एका गल्लीत शिरलो. तिथे वाळत घातलेल्या चादरींनी रस्ता बंद.

"बाळ्या, चादरी काढ!" आण्णा ओरडले. "कंपनीचा माल हाय!"

गेटवर पोचलो तेव्हा बाराला तीन मिनिटं कमी होती. वॉचमनने आमचे घामेजलेले चेहरे पाहिले.

"काय, गाडी गरम झाली होती?"

"गाडी नाही," दाजी म्हणाले. "आम्ही."

संध्याकाळी कासारवाडीला परतलो. कंपनीचा मेसेज आला होता: उद्यापासून रोज. मला विचाराल तर बाराशे रुपयांत एक नवा रस्ता मिळाला, महाग नाही. ताईने मात्र नेमकं विचारलं, "मग आपलं इंजिन ठीक आहे ना?"

 दाजींनी आण्णांना फोन लावला.

"आण्णा, सकाळी आमच्या गाडीचं तापमान किती होतं हो?"

"ब्याऐंशी," आण्णा म्हणाले. "लई गुणाची गाडी हाय तुमची."