भिंतीकडे तोंड करून

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. रडू आलं नाही, राग आला... तो अजून उतरलेला नाही.

गेवराईत आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. ती चित्रकला शिकवायची, मी मराठी. निवृत्तीनंतर तिनं वाचनालयाची लांब भिंत मागून घेतली आणि एकटीनं रंगवली. ना फूल, ना डोंगर, ना मूर्ती. नुसते रंग : खाली काळ्या मातीचा, मग विटकरी, मग हळदीचा, आणि वर असा निळा की तो कुठं संपतो ते कळू नये. लोक विचारायचे, "बाई, हे काय हाय?" ती म्हणायची, "काईच न्हाई. जरा बसा, सावकाश श्वास घ्या, बघा." आणि लोक बसायचे! नवरा गेल्यापासून झोप उडालेली आमची शेजारीण सुभद्रा रोज यायची. "हितं बसलं की डोकं गप व्हतं," म्हणायची.

मग वाचनालयाचे अध्यक्ष बदलले. नव्या अध्यक्षांनी आपल्या वाढदिवसाला भिंतीला चुना फासला आणि त्यावर स्वतःचंच हात जोडलेलं भलंमोठं चित्र काढून घेतलं. शकू विचारायला गेली, तर चारचौघांत हसून म्हणाले, "डाग व्हते बाई, पुसले." त्यानंतर तिनं ब्रश हातात धरला नाही. दुखणं आधीपासूनचं होतं, असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत.

शोकसभा त्याच वाचनालयात घ्यायचा हट्ट माझा. अध्यक्ष हार घेऊन आले, भाषणाला उठले. मी माईक सोडला नाही. "आज भाषणं नाहीत. शकूबाई सांगायच्या तसं करू. खुर्च्या फिरवा, भिंतीकडे बघा. कुणी बोलायचं नाही."

खुर्च्या फिरल्या. सगळी सभा त्या रंगवलेल्या हसऱ्या तोंडाकडे टक लावून बसली, आणि त्या तोंडाचा मालक आमच्यातच बसलेला. आधी मान ताठ होती, मग चुळबुळ, मग घाम. शेवटी हळूच म्हणाले, "बाई, आता लई झालं."

"बघा की साहेब," मी म्हटलं. "घाई कावून करता?"

ते उठून गेले. कुणी वळूनही पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा निरोप आला : भिंत पुन्हा कोरी करून देतो. मी नको म्हणून कळवलं. दर रविवारी सकाळी आम्ही तिथं जमतो, सुभद्रासुद्धा, आणि गुपचूप त्या चेहऱ्याकडे बघत बसतो. अध्यक्ष आता वाचनालयाच्या गल्लीतून जात नाहीत. शकूला हे आवडलं नसतं, ठाऊक आहे मला. तिनं येऊन थांबवावं...