बाबांचा कॉल

मी पुण्याला निघाले त्या सकाळी चंद्रपूरच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग गाडीत चढवली आणि म्हणाले, "कॉल आला का आयकवीन तुले." गाव सोडून गेलेल्या तुम्हा लोकांना वाटेल, फोनचं बोलत होते. बाबा सफारीचे गाइड. वाघाची चाहूल लागली की चितळं, वानरं ओरडतात, त्याला ते कॉल म्हणायचे. दुसरा अर्थ त्यांच्या लेखी नव्हताच.

मी विम्याच्या कॉल सेंटरला लागले. तिथे कॉलचा नुसता सुळसुळाट. कॉल घ्या, कॉल लावा, मीटिंगचाही कॉल, आणि साहेबांना काही ठरवायचं नसलं की 'युवर कॉल'. ट्रेनिंगच्या मॅडम म्हणाल्या, हा शब्द युरोपच्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा, मूळ अर्थ मोठ्याने ओरडणं. म्हणजे बाबांचाच अर्थ जुना निघाला. त्यांना सांगितलं तर केवढे खूश झाले.

बाबांनी शब्द पाळला. जंगलात कॉल सुरू झाला की मला फोन लावून हात उंच धरायचे, स्वतः गप्प. मी ऑफिसच्या जिन्यात चहा घेत ऐकायची.

मागच्या उन्हाळ्यात, सफारीचं गेट बंद होतं त्या दिवशी ते मोहफुलं वेचायला गेले. सकाळी फोन आला. वानरं खाकरत होती, फार जवळ. मग वाळल्या पानांवरून काहीतरी ओढत नेल्याचा आवाज. वाटलं, आज बाबांना झकास जागा मिळाली. मी हसत हसत ऐकलं आणि ब्रेक संपला म्हणून फोन ठेवला.

दुपारी काकांनी कळवलं. वाघाने बाबांना मोहाखालीच धरलं होतं. फोन टोपलीपाशी सापडला.

तेरवीच्या दिवशी आईने विचारलं, "तुलेच लावला होता त्यायनं. काय बोल्ले?" खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, "जपून राहा म्हणाले."

आता गावी गेले की आई ताट वाढताना तेच विचारते, आणि दर खेपेला मी एक वाक्य वाढवते. जिवंतपणी बाबा इतकं बोलत नव्हते. घर म्हणजे आता एवढंच उरलंय, आई आणि माझ्या तोंडून बोलणारे बाबा. जायची भीती वाटते, गेल्याशिवाय राहवतही नाही.

परवा थकून म्हटलं, "आई, एवढंच बोलले."

आईने त्यांच्या फोनमधला त्या सकाळचा कॉल काढून माझ्यासमोर धरला.

"इथी दोन मिनिटं दाखवून राह्यलं," ती म्हणाली. "बाकीचं सांग."