बाकी एक

कुमुदमावशी गेल्याचा फोन तिच्या शेजारणीचा आला. रात्री जेवून झोपली ती सकाळी उठलीच नाही. मी कांदिवलीला पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मावशीला नेल्यावर शेजारीण ओटा आवरायला लागली आणि तिनं शेगडीजवळची उपडी ताटली उचलली. खाली एक घावन होतं, कडा वाळलेल्या. "हे टाकते हं, आता या घरातलं शिजलेलं ठेवत नाहीत," ती म्हणाली. मी घाईनं म्हटलं, "थांबा... राहू द्या ते." तिनं ताटली परत उपडी घातली. तिला कसं सांगणार, की त्या ताटलीखाली माझी अख्खी चौथी इयत्ता होती!

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही आणि त्याचं दुःखही केलं नाही. ऐंशीच्या दशकात आई, बाबा, मी आणि ती असे चौघं याच दोन खोल्यांत राहायचो. टेलिफोन एक्स्चेंजमधली सकाळची पाळी संपवून ती दुपारी घरी यायची, तेव्हा आई-बाबा आपापल्या ऑफिसात असायचे. स्वयंपाकात तिची गती बेताचीच. तिची आमटी वाढली की बाबा विचारायचे, "आज पाण्याला फोडणी दिलीय का?" एकच गोष्ट तिला झकास जमायची, ती म्हणजे घावनं. एक वाटी तांदळाचं पीठ, दोन वाट्या पाणी, चवीपुरतं मीठ आणि बिडाचा काळा तवा.

चौथीच्या सहामाहीत मी गणितात सपशेल आपटले. बाबांनी प्रगतिपुस्तकावर सही केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "वार्षिकला नापास झालीस तर गावी काकांकडे. तिथल्या शाळेत जा." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. गाव मला आवडायचं, पण मे महिन्यापुरतं. मी मोरीत जाऊन रडत बसले. मावशी आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "गो बाय, रडतंस कित्याक? ऊठ, पीठ काढ."

त्या दुपारपासून आमची शाळा ओट्यावर भरू लागली. पीठ तीन वाट्या, तर पाणी किती? दोन वाट्यांची आठ होतात, बाबांच्या मित्रांसह सोळा हवीत, तर पीठ किती घेशील? घावन मोडून पाव, अर्धं, पाऊण करायचं आणि बरोबर ओळखलेला तुकडा तोंडात टाकायचा. चुकलं तर तो मावशीच्या तोंडात. पहिलं घावन हमखास चिकटायचं, फाटायचं. मी कावरीबावरी झाले की ती म्हणायची, "पहिलं तव्याचं. ते कच्चं काम गं, समासात करायचं. त्याचे मार्क कोण कापत नाही." गणिताची भीती माझ्या पोटातून गेली ती या वाक्यानं, असं मला आजही वाटतं.

मग भागाकार आला. बारा घावनं, माणसं चार, प्रत्येकी किती? "तीन, बाकी शून्य," मी ऐटीत म्हटलं. मावशीनं पिठाचं भांडं पाण्यानं विसळलं आणि तव्यावर ओतलं. एक वेडंवाकडं, एवढंसं तेरावं घावन झालं. ते ताटलीखाली झाकून ती म्हणाली, "घरात बाकी शून्य ठेवायची नाही. उरतं ते टाकाऊ नसतं, ते कुणाचं तरी असतं. फक्त तो अजून आलेला नसतो."

मला ते पटलं. इतकं पटलं, की पुढच्या चाचणीत चोवीस लाडू सहा मुलांना वाटायला आले तेव्हा मी लिहून मोकळी झाले: प्रत्येकी तीन, बाकी सहा. बाबांनी पेपर पाहून कपाळाला हात लावला. "हे सहा लाडू कुणासाठी गं?"

"कोणी आलं तर..."

मावशी हसून हसून खाली बसली, डोळे पुसले आणि मग मला जवळ ओढून गंभीरपणे म्हणाली, "वाट लागली! माझंच चुकलं. हे बघ, पेपरात सगळं वाटून टाकायचं, काही मागे ठेवायचं नाही. घरात ठेवायचं. दोन्हींची भेसळ नको."

वार्षिक परीक्षेत मी आधी समासात कच्चं काम केलं, मग उत्तर लिहिलं. काठावर पास झाले. त्या संध्याकाळी मावशीनं घावनं केली. जेवणं झाल्यावर बाबा उठले आणि ताटलीखालचं घावन त्यांनी स्वतः माझ्या पानात वाढलं. "घे," ते म्हणाले, "उरलीस बाई तू मुंबईत." मावशी तव्याकडे तोंड करून उभी होती. ती हसत होती की रडत, हे मी कधी विचारलं नाही.

पुढे माझं लग्न झालं, आई-बाबा गेले, मावशी एकटी राहिली. मी कधीही न कळवता गेले तरी "बाकी काय गं?" म्हणत तिचा हात आधी त्या ताटलीकडे जायचा. एकटीपुरतं करतानाही ती भांडं विसळून एक घालायचीच. मी गेले नाही की दुसऱ्या दिवशी ते शेजारणीच्या मुलाला मिळायचं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी ओट्याशी उभी राहिले. ताटली उचलली. घावन गार होतं, वेडंवाकडं, मीठ नेहमीसारखंच थोडं जास्त. मी ते सगळं खाल्लं. ताटली धुतली, पुसली आणि माझ्या पिशवीत ठेवली. मला यायला जरा उशीर झाला होता, एवढंच.